कंपनीला केलेला आहेर

निवृत्त झाल्यापासून लातूरच्या भाजीबाजारात कुणी ना कुणी भेटतं आणि विचारतं, ‘‘मॅडम, खरं सांगा, तुम्ही कंपनीत नेमकं काय करायच्या?’’ अख्खी नोकरी संपली तरी या प्रश्नाचं एका दमात देता येईल असं उत्तर मला सापडलं नाही. आमच्या शेठची कंपनी पाण्याचे पंप बनवायची. कारागीर ते बनवायचे, विक्रीवाले विकायचे, आणि मी नफ्यातला थोडा वाटा घेऊन गावोगाव फिरायचे. ज्या मातीत कंपनी कमावते, तिथल्या माणसांसाठी तिनं काहीतरी करावं, एवढाच त्याचा अर्थ. मी लागले तेव्हा माझ्या टेबलावर ‘कल्याण अधिकारी’ अशी पाटी होती. पुढे कायदा आला, मोठ्या कंपन्यांना असा खर्च करणं भाग पडलं, आणि त्याच कामाला सगळे सीएसआर म्हणू लागले. पाटी बदलली, टेबल तेच राहिलं.

हे काम लोकांना समजावून सांगणं हाच निम्मा धंदा होता. लोह्याकडच्या एका सरपंचांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘‘शेठ आमदारकीला उभं ऱ्हाणार हायेत का? तसं असंल तर आत्ताच सांगा.’’ एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं, ‘‘कंपनीला कुणाचा तळतळाट लागला का, माय?’’ अहमदपूरच्या बसस्थानकावर एक पोरगा माझ्या पिशवीवरची अक्षरं वाचून म्हणाला, ‘‘मॅडम, सीएसआरचे क्लास लातुरात चांगले हायेत का पुण्यात?’’ त्याची चूक नव्हती. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघाले होते, आणि अक्षरं जोडून आली म्हणजे ती परीक्षाच असणार, असं पोरं धरून चालत. एक क्लासचालक तर मोठ्या चौकातल्या फलकासाठी मदत मागायला आले होते. फलकावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आणि मध्ये त्यांचा स्वतःचा, सगळ्यांत मोठा. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘‘मॅडम, ह्यो बी समाजच हाय की.’’

मी मूळची नांदेडची. जुन्या गावात अब्बांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. रमजानमध्ये ते शेजारापाजारी धान्य पोचवायचे, पण कुणाच्या घरी काय गेलं हे अम्मीलासुद्धा कळत नसे. त्यांनी पहिल्यांदा आमच्या कंपनीनं बांधलेल्या हौदावरचं नाव पाहिलं तेव्हा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘फरीदा, हौदापेक्षा नाव मोठं झालंय.’’ त्यानंतर पाटी रंगवून घेताना दर वेळी मला अब्बा आठवत, आणि मी पेंटरला अक्षरं बारीक काढायला सांगे.

पण मला हे काम शिकवलं ते अब्बांनी नाही, शेठनी नाही आणि कायद्यानंही नाही. ते शिकवलं सुंदराकाकूंनी. त्यांच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही.

भूकंप झाला तेव्हा मला नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. शेठनी बोलावलं आणि म्हणाले, ‘‘जा, बघून ये. काय लागतं ते विचार. उगाच आपल्या मनानं काही पाठवायचं नाही.’’ माधवराव म्हणून आमचे अहमदपूरचे ड्रायव्हर होते, त्यांच्याबरोबर जीपनं निघाले. गावाबद्दल फार लिहवत नाही. घरं नव्हती, दगड होते. रस्त्याच्या कडेला दूरदूरच्या शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. ज्यांच्या खळ्यावरून आलागेला सुपानं धान्य घेऊन जायचा, ती माणसं पुड्यांसाठी रांगेत उभी होती आणि एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हती.

पत्र्याच्या एका शेडखाली सुंदराकाकू बसल्या होत्या. नवरा गेला होता, दोन लेकी गेल्या होत्या, शेतात जागलीला गेलेला ज्ञानोबा हा मुलगा तेवढा वाचला होता. मी वहाणा काढून समोर बसले आणि शेठनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, ‘‘काकू, तुम्हाला काय लागतं?’’

‘‘काय न्हाई लागत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी लई लांबून आल्या. च्या घेता का?’’

मी घाईघाईनं नको म्हटलं. सगळं गमावलेल्या बाईच्या घोटभर चहावर कसा हात टाकायचा? काकूंनी मान फिरवली. शेजारच्या शेडमध्ये विचारलं, तिथंही तेच. काय न्हाई लागत. साऱ्या गावाला काहीच लागत नव्हतं. मी परत जीपपाशी आले तेव्हा माधवराव म्हणाले, ‘‘मॅडम, तुमी चूक करून राहिल्या. ही देणाऱ्या घरची माणसं हायेत. त्यांच्या घरचं पाणी बी तुमाला चालत न्हाई, मग त्यांनी तुमच्यापुढं पदर कसा पसरावा?’’

मी परत गेले. म्हटलं, ‘‘काकू, चहा द्या.’’

गुळाचा काळा चहा, कुठल्यातरी डब्याच्या झाकणात. मी तो पिऊन झाकण खाली ठेवलं, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं. फरीदा म्हटल्यावर फक्त म्हणाल्या, ‘‘बरं, फरीदा.’’ मग इकडेतिकडे बघून अगदी हळू आवाजात सांगितलं, ‘‘आमा बायांना आंघोळीला आडोसा न्हाई बग, माय. दिसभर ट्रका येत्यात, पुढारी येत्यात, फोटोवाले येत्यात. किती दिस झाले, कुणी बाई अंगावर पाणी घेतलं न्हाई.’’

ब्लँकेट, बिस्किटं, औषधं सगळं आलं होतं, पण हे कुणाच्याच यादीत नव्हतं. शेठनी कारखान्यातलं काम थांबवलं आणि पंपांच्या खोक्यांसाठी आणलेल्या पत्र्याच्या न्हाण्या बनवून घेतल्या, आतून कडी लागणाऱ्या. त्या बसवल्या त्या दिवशी बायका एकेक करून आत जात होत्या आणि बाहेर येताना रडत होत्या. मी एका दगडावर बसून ते बघितलं. आमच्या कंपनीनं पुढं पुष्कळ मोठी कामं केली, पण त्या कडी लावल्याच्या आवाजाइतकं मोठं मला काहीच वाटलं नाही.

गाव नव्या जागी वसलं. आम्ही तिथं विहिरीवर पंप बसवला, नळ फिरवले. मी येत-जात राहिले, काकूंच्या घरी जेवत राहिले. काही वर्षांनी शेठच्या मुलीचं लग्न निघालं. लातुरातलं मोठं मंगल कार्यालय, सुटाबुटातले व्यापारी, सनईवाले. ऐन मुहूर्ताच्या आधी फाटकातून एक ट्रॅक्टर आत शिरला. ट्रॉलीत सगळं गाव, आणि मध्ये झूल पांघरलेली, कपाळाला कुंकू लावलेली देवणी जातीची कालवड. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, मोठे ओघळलेले कान. आमंत्रण कुणालाच नव्हतं. पहारेकरी अडवायला लागला तेव्हा काकू त्याला म्हणाल्या, ‘‘बाजूला व्हय. आमच्या घरचं लगीन हाय. आहेर घेऊन आलो.’’

आता आहेराची आमच्याकडची रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. ज्यानं तुमच्या कार्याला केलं, त्याच्या कार्याला तुम्ही करायचं. केलं नाही तर ते मनात राहतं. आणि आलेला आहेर कुणी माघारी धाडला, तर त्याचा अर्थ एकच, नातं संपलं. गावाच्या हिशेबानं आमच्या न्हाण्या, आमचा पंप, सगळा कंपनीनं गावाला केलेला आहेरच होता, आणि इतकी वर्षं ते परतीच्या कार्याची वाट बघत होते. शेठना आधी काही उमजेना. मग मी कानात सांगितलं. ते व्याह्यांना सोडून उठले, ट्रॅक्टरपाशी गेले, कालवडीच्या पायावर पाणी घातलं आणि सगळ्या गावाला पहिल्या पंगतीला बसवलं. त्यांचे डोळे ओले झाले होते. नंतर मला म्हणाले, ‘‘फरीदा, आपण त्यांना दिलं असं मी आजवर समजत होतो.’’

कालवड कारखान्याच्या मागच्या अंगणात राहिली. तिची वासरं झाली, त्यांची वासरं झाली. कामगार येता-जाता चारा टाकायचे, कँटीनचा चहा तिच्याच दुधाचा व्हायचा. गावचं कुणी लातूरला आलं की आधी कारखान्यात येऊन गाय बघून जायचं.

पुढं शेठ थकले आणि कंपनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. त्याच सुमाराला कायदाही आला. माझ्यावर निनाद सर म्हणून साहेब आले, वयानं माझ्या मुलाएवढे, हुशार आणि मनानं सरळ. त्यांच्याबरोबर एक नियमही आला, की ज्या गावात काम करायचं तिथलं काहीही घ्यायचं नाही. धान्य नाही, फळ नाही, चहासुद्धा नाही. आपली पाण्याची बाटली आपण न्यायची. मला राग आला, पण नियम मूर्खपणाचा होता असं म्हणता येणार नाही. तुरीची पोती जीपमध्ये घालून घेऊन जाणारे आणि मग त्याच गावाला हौद मंजूर करणारे अधिकारी मी डोळ्यांनी पाहिले होते.

मी पुण्याला प्रशिक्षणाला गेले होते तेव्हा ते घडलं. कारखान्याच्या आवारात गाय कशाला, असा प्रश्न वरून आला. निनाद सरांनी चांगल्या मनानं विचार केला, की गाय मूळची त्या गावातून आलेली, तर ती गावालाच भेट देऊ. टेंपोत गाय चढवली, तिच्या गळ्यात हार घातला, कंपनीचं नाव लिहिलेला कापडी फलक धरून गावात तिच्यासोबत फोटो काढले. सुंदराकाकूंच्या हातात कासरा दिला आणि टाळ्या वाजवल्या. गावानं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. परत आल्यावर हे ऐकलं आणि मी खुर्चीत बसूनच राहिले. त्या भल्या पोरानं सगळ्या गावासमोर आहेर माघारी केला होता, तोही हार घालून.

त्याच उन्हाळ्यात कंपनीनं लातुरात मुलींसाठी वसतिगृह बांधून पूर्ण केलं. क्लाससाठी सगळ्या मराठवाड्यातून मुलं येत होती. मुलांना कुठंही खोली मिळे, पण मुलींना घरचे एकटं ठेवायला तयार नसत, आणि खोली-खाणावळीचा खर्च झेपतही नसे. वसतिगृहात पहिला मान भूकंपाच्या गावांचा, असं ठरलं. निनाद सर बाटली घेऊन काकूंच्या गावी गेले, चहा नको म्हणाले आणि विचारलं, ‘‘तुमच्या गावाला काय हवंय?’’

सगळ्या गावानं एका सुरात सांगितलं, ‘‘काय न्हाई लागत.’’

सरांनी परत येऊन मला सांगितलं, ‘‘मॅडम, तिथं मागणी नाही. त्या जागा दुसऱ्या गावाला देऊ.’’

दुसऱ्या दिवशी सारिका माझ्या घरी आली. ही ज्ञानोबाची मुलगी, काकूंची नात. दहावीला तालुक्यात पहिली आलेली, डॉक्टर व्हायचं वेड घेतलेली. उभ्यानंच म्हणाली, ‘‘मॅडम, आज्जी न्हाई मनती. बाबाला बी मनली, उपाशी ऱ्हाऊ पर त्या दारात जाऊ नका. त्या होस्टेलात जागा न्हाई मिळाली तर माझं शिक्षण संपलं. बाबा मला भाड्याच्या खोलीवर ठिवणार न्हाई.’’ तिच्या गावातल्या आणखी मुली तयार होत्या, पण काकूंचा शब्द मोडून कुणी येणार नव्हतं. अर्ज घ्यायचे दिवस संपत आले होते.

मी निनाद सरांना गाडीत बसवलं आणि वाटेत आहेर म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी कालवडीची गोष्ट मला दुसऱ्यांदा सांगायला लावली. मग म्हणाले, ‘‘मॅडम, गाईचं चुकलं, मी माफी मागतो. पण चहा मी घेऊ शकत नाही. आज मी इथं चहा घेतला, तर उद्या दुसरा साहेब इथं बकरं घेईल.’’

काकूंच्या अंगणात गाय बांधलेली होती, चांगली तुकतुकीत. सरांनी खाली वाकून माफी मागितली. काकू म्हणाल्या, ‘‘गाईची काळजी करू नका. कंपनीची गाय हाय, आमी सांभाळून राहिलोत.’’

सरांनी नियम सांगितला, त्याचं कारणही सांगितलं, पोतीवाल्या अधिकाऱ्यांसकट. काकूंनी सगळं ऐकलं. मग त्यांच्यासमोर पाटावर बसल्या आणि बोलल्या. त्या जे बोलल्या ते मी आजवर कुठल्या भाषणात ऐकलेलं नाही.

‘‘लेकरा, भूकंपाच्या टायमाला एक ट्रक आला. वरून एक जण पुडे फेकून राहिला होता. एक पुडा माझ्या पदरात पडला. मी मागितला न्हवता. त्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. पुडा पदरात आन् मी तिथंच उभी. मला कळंनाच, मी जित्ती हाय का मेली. मेलेल्या माणसालाच असं वरून टाकत्यात न्हवं? मग ही फरीदा आली. माझ्या हातचा च्या पिली. तवा मला कळलं, आपुन अजून हाय. आपल्या हातचं कुणीतरी घेतं, मंजी आपुन हाय.’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं होस्टेल चांगलं असंल. पर माझी नात तिथं पदरात पुडा पडल्यावानी न्हाई ऱ्हाणार.’’

सारिका दाराच्या चौकटीला धरून उभी होती. निनाद सरांनी हातातली बाटली नकळत पाठीमागे नेली होती. मला खरंच वाटलं की इथं सगळं संपलं, कारण दोघांचंही बरोबर होतं.

तेवढ्यात काकूच म्हणाल्या, ‘‘तुमचा नियम बी खोटा न्हाई. साहेबानं खाल्लं की साहेब इकला जातो. बरं, तुमी नका खाऊ. पोरी खातील. होस्टेलातल्या समद्या पोरींची जवारी आन् दाळ आमचं गाव देणार. आमच्याच न्हाई, कुठल्या बी गावच्या असू द्या. छत तुमचं, पीठ आमचं. चालतं का नियमात?’’

सर माझ्याकडे बघू लागले. ज्या गावाला आम्ही ‘लाभार्थी’ म्हणत होतो ते गाव, ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं अशा मुलींचं जेवण अंगावर घेत होतं. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, ‘‘लोकसहभाग म्हणतात त्याला. चालतं.’’ सरकारी कागदांवर हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता. त्या अंगणात तो पहिल्यांदा मला दिसला.

सारिकाला वाटलं, झालं. पण आज्जीनं अजून हो म्हटलं नव्हतं. ‘‘उद्घाटनाला येतो,’’ एवढंच म्हणाल्या.

उद्घाटनाच्या दिवशी ट्रॅक्टर आला, ज्वारीची पोती आणि मुलींच्या पेट्या घेऊन. सारिकाची पेटी माझ्या भावानं नांदेडच्या दुकानात बनवली होती, निळ्या रंगाची. क्लासच्या पोरांमुळे अब्बांच्या मागे दुकानाला पुन्हा बरे दिवस आले होते. सगळ्यांच्या पेट्या उतरल्या. सारिकाची तेवढी ट्रॉलीत राहिली, कारण तिच्यावर काकू बसल्या होत्या. ज्ञानोबानं दोनदा म्हटलं, ‘‘आई, उतर की.’’ त्या हलल्या नाहीत. ट्रॉलीतून जेवणघर सरळ दिसत होतं.

भाषणं झाली, फीत कापली, मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. गावच्या ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगांची चटणी. पाहुण्यांसाठी बाहेर शामियान्यात वेगळं जेवण होतं, हॉटेलातून आलेलं. निनाद सर तिकडे निघाले, अर्ध्या वाटेत थांबले आणि मागे वळले. त्यांनी एक ताट उचललं आणि मुलींच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. कंपनीचे एक वरिष्ठ गडबडीनं आले, ‘‘अरे निनाद, इथं कुठं?’’

‘‘सर, मेसचं जेवण खाऊन बघणं माझ्या कामात येतं,’’ ते म्हणाले. ‘‘मुलींना काय मिळतं ते मला माहीत असायला हवं.’’

ते जमिनीवर मुलींच्या पंगतीत बसले. शहरातल्या माणसाला भाकरी एका हातानं मोडता येईना. शेजारच्या मुलीनं मोडून दाखवली. त्यांनी वरणात कुस्करली, घास घेतला, मग दुसरा, आणि ताट संपल्यावर आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. सारिका वाढत होती. वाढताना तिची नजर सारखी बाहेर ट्रॅक्टरकडे जात होती.

मीही तिकडेच बघत होते. काकूंनी पदरानं डोळे पुसले, त्या पेटीवरून उठल्या आणि लग्नात झूल पांघरलेली कालवड आणताना ज्या आवाजात बोलल्या होत्या त्याच आवाजात मुलाला म्हणाल्या, ‘‘ज्ञानोबा, उतरव पेटी.’’